पाटीवरचे स्वागत

धाडला आमच्या प्रार्थनेच्या खोलीवर पाटी लावायचे ठरले, तेव्हा एवढ्याशा गोष्टीवरून दोन रविवार वाद चालेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते. खोली कसली, एका बांधवाने दिलेली पत्र्याची पडवी. आत दोन सतरंज्या, भिंतीवर क्रूस, पवित्र मरियेची एक तसबीर आणि कोपऱ्यात ढोलकी. फादर महिन्यातून एकदा येऊन मिस्सा अर्पण करतात. उरलेल्या रविवारी मास्तर शास्त्रवाचन घेतात, चार गीते होतात आणि मंडळी आपापल्या घरी जाते. पाटी रंगवणाऱ्याने विचारले, "गुरुजी, काय लिहू?" आणि तिथेच गाडी अडली.

एका तरुणाने सुचवले, "येथे सर्वांचे स्वागत आहे," असे लिहावे. त्यावर एक वडीलधारे बांधव म्हणाले की हल्ली दिवस बरे नाहीत, असे काही लिहिले की लोक वेगळाच अर्थ काढतील, तेव्हा पाटीच नको. दुसऱ्या एका शिकलेल्या बांधवाने तोडगा काढला: स्वागत राहू द्या, पण 'कॅथोलिक' हा शब्द गाळा, नुसते 'प्रार्थना मंदिर' म्हणा, म्हणजे कोणी बिचकणार नाही. तिसरा आवाज सर्वांत हळू होता, परंतु सर्वांत ठाम होता. "आपली माणसे कोण ते आपल्याला ठाऊक आहे. स्वागत कुणाचे करायचे आहे?"

हे तीनही आवाज धाडपुरते नाहीत. वाचकांनी आपापल्या धर्मग्रामातील परिषदेची शेवटची बैठक आठवून पाहावी. ते तिथेही ऐकू येतील. म्हणून या वादाची दखल या पानांवर घ्यावी असे वाटले. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. स्वागत ही आपली सभ्यता नव्हे आणि औदार्य तर नव्हेच. ते आपल्या श्रद्धेचे कलम आहे. ज्याने श्रद्धा लपवली त्याला स्वागत करता येत नाही, आणि ज्याने स्वागत नाकारले त्याने विश्वासांगीकार तोंडाने म्हटला तरी मनाने खोडून काढला.

प्रथम त्या तोडग्याचा विचार करू, कारण तो वरवर फार शहाणपणाचा दिसतो. 'कॅथोलिक' शब्दाने लोक बिचकतात, असे म्हणतात. या शब्दाचा अर्थ तरी आपण कधी घरात मुलांना सांगितला आहे काय? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'सर्वांचा, सर्वव्यापी' असा आहे. अंत्युखियाचे धर्माध्यक्ष संत इग्नेशियस यांनी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी, रोमला मरणाकडे नेले जात असताना, स्मुर्णा येथील ख्रिस्तसभेला पत्र लिहिले. ख्रिस्तसभेला हे विशेषण लावलेले आपल्याला प्रथम त्या पत्रात आढळते. म्हणजे जो शब्द आपण स्वागताच्या आड येतो म्हणून पुसायला निघालो, तो शब्दच मुळात स्वागताचा आहे. तो पुसून 'सर्वांचे स्वागत' लिहिणे म्हणजे घराचे नाव खोडून पाहुण्याला पत्ता देणे होय.

आणि पाहुणा काही दूधखुळा नसतो. तो आत येतो, क्रूस पाहतो, येशूचे नाव ऐकतो. बाहेर एक आणि आत दुसरे आहे हे त्याच्या ध्यानात आले की त्याला पहिली शंका येते ती आपल्या हेतूची. ज्या आरोपाला भिऊन आपण नाव लपवले, तोच आरोप आपण आपल्या हाताने खरा करून दाखवतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण आपल्या भाषेत घरचे आहे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्या दरबारात जागा होती. एवढे दार उघडणाऱ्या या माणसाने ख्रिस्ताचे नाव कधी दबक्या आवाजात घेतले नाही. त्यांची भजने आज आपल्या कितीतरी देवळांत म्हटली जातात, आणि ती रचणारा आपल्या पंथाचा नव्हता हे म्हणणाऱ्यांच्या गावीही नसते. हे फार चांगले आहे, असे माझे मत आहे.

आता जरा आपल्या शेजाऱ्यांकडे वळू. बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस म्हटला की बहुधा तो 'अलायन्स' मंडळीचा समजला जातो. आपण कॅथोलिक इथे उशिरा आलेले आणि थोडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या संस्थेचे मिशनरी अकोला, अमरावती, खामगाव, बुलढाणा या भागांत स्थिरावले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्यांनी अनाथ मुलामुलींना आसरा दिला. त्या मुलांच्या वंशजांना 'दुष्काळी ख्रिस्ती' म्हणून हिणवणारे लोक बाहेरचे तर आहेतच, पण खेदाने म्हणावे लागते की आपल्यातही आहेत. ज्याच्या आजोबांना भुकेने मरताना कोणी उचलून घेतले, त्याने लाजावे की ज्यांनी उचलले नाही त्यांनी?

या संस्थेचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांची हकिकत आपल्या वादाशी नेमकी जुळते. हे मूळचे कॅनडाचे, न्यूयॉर्कमधील एका सुखवस्तू प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक. शहराच्या गरीब वस्तीतील सुमारे शंभर इटालियन स्थलांतरितांना त्यांनी श्रद्धेकडे आणले आणि त्यांना मंडळीत सामील करून घ्यावे असे सुचवले. मंडळीच्या वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही; या लोकांनी दुसरीकडे सोय पाहावी, असा त्यांचा सूर होता. १८८१ साली सिम्पसन यांनी राजीनामा दिला. बाप्तिस्म्याविषयी त्यांचे मत बदलले होते, हेही राजीनाम्याचे एक कारण होते, आणि ते मत आपल्याला मान्य होण्यासारखे नाही. परंतु मला या प्रसंगात एक गोष्ट मोलाची वाटते. श्रद्धेविषयीचा काटेकोरपणा आणि दाराविषयीचा मोकळेपणा या दोन गोष्टी या माणसात एकाच वेळी होत्या. एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागतो, असे त्याला वाटले नाही. ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, रोग बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा, ही चार वाक्ये त्याच्या मंडळीने आपली ओळख म्हणून धरली. वऱ्हाडातील एखाद्या अशिक्षित आजीलाही ती पाठ असतात. आपल्या किती घरांत विश्वासांगीकाराची कलमे कोणी समजावून सांगू शकेल, हा प्रश्न मी विचारतो आणि पुढे जातो.

तेव्हा ज्या मंडळीमुळे या जिल्ह्यात येशूचे नाव गावोगाव पोचले, तिचा जन्म झाला तो कोणाला तरी देवळात जागा नाकारली गेली म्हणून. जागा नाकारणारे नास्तिक नव्हते. दर रविवारी उपासनेला येणारे, दानधर्म करणारे, शिस्तीचे लोक होते. इथून मी तिसऱ्या आवाजाकडे येतो, आणि इथे मला आवाज चढवायचा असला तरी आधी खाली बघावे लागते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भोकरदनकडच्या एका खेड्यातून एक गृहस्थ आमच्या प्रार्थनेला आले. अंगात धुतलेला सदरा, हातात पिशवी. कोणीतरी त्यांना सांगितले होते की धाडला रविवारी येशूची प्रार्थना होते. मी त्यांना बसायला सांगितले, पाणी दिले आणि विचारले, "दादा, गाव कोणते?" त्यांनी सांगितले. "आडनाव?" तेही सांगितले. ते आडनाव आमच्याकडे दोन-तीन समाजांत आढळते. मी पुन्हा विचारले, "म्हणजे मूळचे कोण?" त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. उत्तर दिले नाही असे नाही, दिले. शेवटपर्यंत बसले, हात जोडून गेले आणि पुन्हा आले नाहीत. मी काही वाईट बोललो नव्हतो. पाणी माझ्याच हाताने दिले होते. पण जो प्रश्न त्यांना शाळेत, तलाठ्यापुढे, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात आयुष्यभर विचारला गेला असेल, तोच प्रश्न त्यांना येशूच्या दारात ऐकावा लागला, आणि विचारणारा मी होतो.

माझ्या बचावासाठी एवढेच म्हणता येईल की ही सवय या सीमेवरच्या मुलखात जुनी आहे. १८५३ पासून वऱ्हाडावर इंग्रजांचा कारभार, आणि पलीकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य. रस्त्याने येणारा माणूस इकडचा की तिकडचा हे विचारल्याशिवाय त्याला ओसरीवर बसवत नसत. पण हा बचाव मला स्वतःलाच पटत नाही. कारण माझा प्रश्न राज्याचा नव्हता, जातीचा होता.

आपण म्हणतो, ख्रिस्ती धर्मात जात नाही. खरे आहे, धर्मात नाही. ख्रिस्ती लोकांत आहे. गोव्यातील काही गावांत देवळाच्या सणाचा मान विशिष्ट घराण्यांच्या कॉन्फ्रारींकडेच राहावा म्हणून किती तंटे झाले, हे जाणकार वाचकांना सांगायला नको. दक्षिणेत दफनभूमीत मृतांच्या मध्ये भिंती उभ्या राहिल्या. आपल्याकडे भिंत दिसत नाही, कारण ती आपण प्रश्नात बांधतो: मूळचे कोण, कोणत्या मिशनचे, सोयरीक कोणाकडे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ साली तामिळनाडूच्या महागुरुस्वामींशी बोलताना जातीय पूर्वग्रहाचा निःसंदिग्ध निषेध केला. भारतीय कॅथोलिक धर्माध्यक्ष परिषदेने २०१६ साली दलित ख्रिस्ती बांधवांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेत भेदभाव आहे हे त्यात मोकळेपणाने मान्य केले. धर्माध्यक्षांना जे मान्य करायला लाज वाटली नाही, ते धर्मग्रामाच्या बैठकीत उच्चारले की आपल्यातील काहींना राग येतो.

संत याकोबाच्या पत्रात या प्रसंगाचे चित्र दोन हजार वर्षांपूर्वीच काढून ठेवले आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो, त्याला चांगली जागा मिळते. मळक्या कपड्यांतला गरीब येतो, त्याला उभे राहा किंवा पायाशी बस असे सांगितले जाते. हे चित्र याकोबाने मूर्तिपूजकांचे काढलेले नाही. ते ख्रिस्ती सभेचे आहे. पेत्रालासुद्धा कर्नेल्याच्या घराचा उंबरठा ओलांडताना आतून केवढी झटापट करावी लागली! प्रेषितांच्या प्रमुखाला जे सहज साधले नाही ते आपल्याला पाटी रंगवून साधेल, असे मानणे भोळेपणाचे आहे. म्हणूनच मी पाटीच्या विरुद्ध नाही, पाटीवर समाधान मानण्याच्या विरुद्ध आहे.

बुलढाणा तालुक्यातच पिंपळगाव सराई येथे सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. वेडाने पछाडलेल्या माणसांना घरचे लोक दोरीने बांधून आणतात; हिंदू येतात, मुसलमान येतात, आपलेही काही गुपचूप जाऊन येतात. तिथल्या समजुती आपल्या नाहीत, आणि आजारी माणसाला दोरीने बांधण्यापेक्षा डॉक्टरकडे न्यावे असेच मी म्हणेन. परंतु तिथे गेलेल्या माणसाने मला सांगितले की "गुरुजी, तिथे मला कोणी आडनाव विचारले नाही." या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्याजवळ सत्य आहे असे आपण मानतो. मग सत्याच्या दारातली चौकशी दर्ग्याच्या दारातल्या चौकशीहून जास्त का?

आणखी एक नाजूक गोष्ट आहे. ती टाळून हा विषय पुरा होत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरवल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. धर्म बदलला म्हणून जातीचे चटके संपत नाहीत, हे रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात मान्य करून ही अट काढण्याची शिफारस केली होती. याचा परिणाम खेड्यात काय होतो ते आपण जाणतो. कागदावर एक आणि रविवारी एक, असे जगणारी माणसे आहेत. मुलाची शिष्यवृत्ती, मुलीची नोकरी यांच्यासाठी त्यांनी जिवावर दगड ठेवला आहे. आपल्यातील काही सुस्थितीतले लोक त्यांना 'अर्धे ख्रिस्ती' म्हणतात. ज्यांना श्रद्धेची किंमत कधी एका रुपयानेही मोजावी लागली नाही, त्यांनी हे माप लावू नये. मी लपवाछपवीचे समर्थन करीत नाही. अन्यायाविरुद्ध संघटितपणे भांडावे, निवेदने द्यावीत, न्यायालयात जावे. मात्र रविवारी सकाळी उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाईला तिच्या दाखल्याविषयी विचारणे हे त्या भांडणाचे ठिकाण नव्हे.

भीतीचा आवाज मी शेवटी ठेवला, कारण त्याची मला चीड येत नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. आमच्या जिल्ह्यात तर हाताच्या बोटांवर मोजावे असे. थोड्यांनी जपून राहावे, हे समजण्यासारखे आहे. पण जपून राहणे आणि दार लावून बसणे यात फरक आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात असे म्हटले की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. या निकालावर आपल्या विद्वानांनी टीका केली आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. तरी स्वागताच्या प्रश्नाला हा निकाल आडवा येत नाही. आमंत्रण हे आमिष नव्हे. आमिषाच्या मागे गळ असतो. आमंत्रणाच्या मागे फक्त सतरंजी असते, आणि तिच्यावरून पाहुणा वाटेल तेव्हा उठून जाऊ शकतो. जो उठून गेला त्याला बाजारात भेटल्यावर पूर्वीच्याच आपुलकीने हाक मारता आली, तर समजावे की आपले स्वागत खरे होते.

यावर एक आक्षेप मला अपेक्षित आहे, आणि तो योग्य आहे. 'सर्वांचे स्वागत' म्हणता, मग ख्रिस्तप्रसादाच्या वेळी शेजारच्या मंडळीतल्या बहिणीला थांबायला का सांगता? इथे गोलमाल करून चालणार नाही. मिस्साबलीतील भाकर ही ख्रिस्ताचे शरीर आहे, अशी आपली श्रद्धा आहे. ती स्वीकारणे म्हणजे त्या श्रद्धेशी आणि ख्रिस्तसभेच्या ऐक्याशी 'आमेन' म्हणणे. काही अपवादात्मक प्रसंग सोडले तर धर्मविधीसंहितेने ही मर्यादा ठेवली आहे. ही मर्यादा दुखते. ती दुखलीच पाहिजे. जिला ती दुखत नाही त्या ख्रिस्तसभेला ऐक्याची तहानच नाही असे म्हणावे लागेल. परंतु मर्यादा सांगण्याचीही एक रीत असते. आधीच शेजारी बसून, हळू आवाजात, प्रेमाने सांगावे. रांगेत उभ्या असलेल्या बाईला सर्वांदेखत मागे फिरवणे ही श्रद्धेची राखण नव्हे, अपमान आहे.

याच संहितेत दुसरेही एक कलम आहे, ते मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. अन्य ख्रिस्ती मंडळीत पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने ज्याला बाप्तिस्मा मिळाला आहे, त्याला गंभीर कारणाशिवाय पुन्हा स्नानसंस्कार देऊ नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याच्या फर्मानात अशा बांधवांना प्रभूमध्ये भाऊ म्हणून आदराने स्वीकारले. अलायन्स मंडळीतून लग्न होऊन आपल्या घरी आलेल्या सुनेला "तुझा बाप्तिस्मा कच्चा" असे टोमणे मारणाऱ्या सासवा परिषदेच्या विरुद्ध बोलत आहेत, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. फादरांनी प्रवचनात सांगितले तर बरे. नाहीतर सासऱ्यांनी सांगावे.

तर ती पाटी. दुसऱ्या रविवारच्या वादानंतर ती रंगवून झाली. वर क्रूस, खाली 'कॅथोलिक प्रार्थनागृह, धाड', त्याखाली वेळ, आणि शेवटी 'सर्वांचे स्वागत आहे'. नको म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीच शिडी धरली. पाटीवर खाली थोडी जागा उरली होती; तिथे काही वचन घालू काय, असे रंगाऱ्याने विचारले, तेव्हा मी नको म्हटले. आमच्यात एवढे ठरले आहे की नव्या माणसाला पहिल्या दिवशी त्याचे नाव तेवढे विचारायचे, तेही आपले सांगून झाल्यावर. आडनाव त्याने सांगितले तर ऐकायचे.

त्या भोकरदनकडच्या गृहस्थांचे गाव मला आठवते. विचारून घेतले होते ना. येत्या आठवड्यात एसटीने तिकडे जाणार आहे. घर सापडले तर प्रथम माफी मागेन, आणि त्यांनी पाणी दिले तर पिईन.